गाडीची चावी आणि कानबाईचा सोमवार

सूतगिरणीच्या सुपरवायझरने माझ्या नवऱ्याला फसवले. महिनाभर रात्रपाळी कर, मग इतरांसारखी तुझीही पाळी बदलत राहील, असे त्याने आमच्या ओट्यावर बसून सांगितले. दिवसपाळी त्याच्या नात्यातल्या पोरांना मिळत गेली आणि आमच्या घरी रात्रपाळी कायमची वस्तीला आली.

मी शहाद्याच्या बाजारात गोणपाटावर बसून मिरची विकत पुढे आले, आता स्वतःचे दुकान आहे. भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी घाम फोडला आहे. म्हणून गिरणीच्या गेटवर मीच गेले. सुपरवायझर हसून म्हणाला, "वहिनी, हाई मिरचीना बाजार नही शे."

"भाव नही करी ऱ्हायनू. तुन्हा शब्द मांगी ऱ्हायनू," मी म्हटले. त्याने वॉचमनला खूण केली आणि गेट माझ्या तोंडावर लागले.

पत्र्याच्या घरात दुपारी झोप कसली येणार? यांचा डोळा लागला की कोणीतरी कडी वाजवणार, दिवसाढवळ्या झोपतो म्हणून टोमणा मारणार. जाग राहावी म्हणून गिरणीत चहावर चहा, तंबाखूवर तंबाखू. हात थरथरू लागले, साखरेचा आजार लागला. कधी उठून बसत आणि विचारत, आता पहाट आहे की संध्याकाळ. तोवर माझा देवावरचा विश्वास आटत आला होता. दिवा लावायचे, पण हात जोडताना मनात काही येत नसे.

श्रावणात कानबाई आली. आमच्या खान्देशात रविवारी ही देवी घरात बसते, रात्रभर जागरण होते आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर निरोप देतात. यांनी रविवारच्या रात्रीची सुट्टी मागितली, मिळाली नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने कानबाईच्या रविवारी आडवे होऊ नये, असा नियम कोणी सांगितलेला नाही, पण सगळे पाळतात. हेही रात्रपाळी करून आले ते थेट चौरंग मांडायला लागले, नैवेद्याच्या रोटाचे गहू दळायला बसले. दिवसभर पाठ टेकली नाही. संध्याकाळी आरती झाली आणि तसेच मोटारसायकलवर बसून कामाला गेले. आम्ही उजेडात, माणसांत, गाणी म्हणत जागलो. ते एकटे यंत्रासमोर उभे होते.

सोमवारी ते वेळेवर आले नाहीत. फोन वाजत राहिला, उचलला नाही. त्याच गिरणीतला एक कामगार मागे असाच डुलकी लागून उसाच्या ट्रॉलीवर आदळला होता. त्याची बायको माझ्याच दुकानात मिरची घेते, पांढऱ्या कपाळाने. निरोपाची वेळ टळू नये म्हणून सगळ्यांनी मला तापीवर ओढत नेले. पाण्याच्या कडेला मी कानबाईशी बोलू लागले. साडी नेसवीन, पुढच्या वर्षी गावाला जेवू घालीन, दुकानाचे दार तुझ्या नावाने उघडीन. एकेक वाढवत गेले. माझी थोरली जाऊ कानाशी पुटपुटली, "देवीसंगे बी घासाघीस करस का व?"

मला तिच्या अंगावर धावून जायचे होते. पण ती बोलली ते खरे होते. यांच्या जिवापुढे मी जे जे ठेवत होते ते सगळे कमी पडत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ बोलीत लावायला काही उरले नाही. मी ओल्या वाळूत बसले आणि म्हटले, माय, तुला वाटेल ते कर. एवढेच.

उन्हे उतरताना हे घरी आले. अंगावर ओरखडाही नव्हता. वाटेत तापीच्या पुलाच्या अलीकडे कुठल्यातरी गावाची कानबाई निघाली होती, म्हणून यांनी गाडी हळू केली. त्या गर्दीतली एक बाई पुढे आली आणि तिने सरळ गाडीची चावी काढून घेतली. "भाऊ, तू झोपी ऱ्हायना. बस आठे."

"माय, घर जावानं शे, कानबाई शे," हे म्हणाले.

"ती कोठे पळी जाई ऱ्हायनी? नीज आधी."

रस्त्याकडेच्या देवळाच्या ओट्यावर हे आडवे झाले ते दुपार कलल्यावर उठले. चावी मुठीत होती, तिला हळद लागलेली. फोन गाडीला अडकवलेल्या डब्याच्या पिशवीत पडून होता. जवळच्या घरांत चौकशी केली तेव्हा बायका म्हणाल्या, अशी कोणी आमच्यात नव्हती. असेल कोणी पाहुणी. मी वाद घालत नाही. मला फक्त एवढे कळते की मी बोलायची थांबले आणि कोणीतरी त्यांना झोपवले.

तेव्हापासून आमच्या घरात दिवसाची झोप पूजेसारखी राखली जाते. खिडकीवर जाड गोधडी, फोन बंद, आणि दारात मी. सणवार असो, पाहुणा असो, कोणी उठवायचे नाही. अर्धी पाळी सरली की चहा नाही. डोळे जड असतील तर गिरणीतच बाकावर डुलकी काढायची, मग गाडीला हात लावायचा. तुमच्या घरी रात्रपाळीचा माणूस असेल तर त्याची झोप देवघराइतकी जपा. माईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तिच्यापुढे मी आता काही मागत नाही, नुसती बसते.

पण रात्रपाळी अजून सुटलेली नाही. यांचे हात अजून थरथरतात. देवीपुढे मी हरले, माणसापुढे हरलेली नाही. सुपरवायझर, त्या सकाळी हे पुलावरून खाली गेले असते, तर माझ्या दारात येऊन तू काय सांगणार होतास? गेटच्या आतून नको, बाहेर ये आणि चार माणसांसमोर सांग.