डोळ्यांतली वाळू

माझी मुलगी चार वर्षांची होईपर्यंत मोबाईलशिवाय एक घास गिळत नव्हती. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणीला, नवरा दुसरीकडे शिफ्टमध्ये. संध्याकाळी घरी आले की तिच्यासमोर मोबाईल उभा करायचा आणि भरवून मोकळं व्हायचं, हा माझा शिरस्ता होता.

एकदा जेवतानाच मोबाईलची बॅटरी संपली आणि नेमके दिवेही गेले होते. मेणबत्तीच्या उजेडात तिने ताटात बोट घातलं आणि विचारलं, "आई, हे काय आहे?"

"गिलक्याची भाजी. आवडते ना तुला?"

"मी कधी खाल्ली?"

दर आठवड्याला खात होती. दिवसभर मी पार्ट हातात घेऊन बारीक ओरखडासुद्धा पकडते, आणि घरात पोरगी काय खातेय हे तिलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल कपाटात ठेवून दिला. तिने जमिनीवर डोकं आपटलं. नवरा म्हणाला, "देऊन टाक गं. मुद्दाम रडवायचं का तिला?" मी दिला. हिसकावून हे जमणार नाही, एवढं मला कळलं.

तिच्या बालवाडीच्या बाई रोज सकाळी मुलांना डोळे मिटून बसवायच्या आणि कानावर काय काय पडतं ते विचारायच्या. ते मी घरी सुरू केलं. मोबाईल हातात द्यायच्या आधी आम्ही दोघी गॅलरीत बसून तीन आवाज पकडायचो. शेजारच्या कुकरची शिट्टी, रस्त्यावरची बस, कबुतर. पहिले काही दिवस ती भराभरा खोटेच आवाज सांगायची. "वाघ!" म्हणायची आणि हात पुढे करायची. मीही वाघ मान्य केला.

मोबाईल बघून झाला की विचारायचे, "डोळ्यांना कसं वाटतंय?"

"छान," एवढंच म्हणायची. एका संध्याकाळी मात्र थांबली, डोळे चोळले आणि म्हणाली, "वाळू आहे आत."

"मग काय करू या?"

"झोपवू त्यांना." तिनेच मोबाईल उलटा ठेवला आणि डोळ्यांवर तळवे धरले. मी ताटं घ्यायला उठले. शाबासकी दिली असती तर ती शाबासकीसाठी करत बसली असती.

थोड्याच दिवसांत तिने मलाच पकडलं. भाजी निवडता निवडता मी मोबाईल चाळत होते. ती जवळ येऊन माझ्या डोळ्यांत वाकून बघायला लागली. "तुझ्यात पण आहे वाळू." नवरा खो खो हसला, आणि त्या दिवसापासून जेवताना घरातले सगळे मोबाईल फ्रिजवर जाऊ लागले.

आता ती स्वतःच्या हाताने जेवते. निम्मं सांडते. वांगं तिला मुळीच आवडत नाही, हेही आत्ताच कळलं. संध्याकाळी अर्धा तास मोबाईल बघते आणि बहुतेक वेळा आपणहून ठेवते. मागे ताप आला तेव्हा दोन दिवस मी तिला हवा तितका बघू दिला. नवऱ्याला वाटलं, सगळं मुसळ केरात. मला काळजी नव्हती. ताप उतरला त्या संध्याकाळी ती उशी घेऊन गॅलरीत जाऊन बसली आणि मला हाक मारली, "आई, ये ना लवकर, बस चालली!"