गोदीचा संप आणि आमचा उंबरा

पलूसजवळच्या आमच्या गावात दोन घरं एकाच रक्ताची, मधे चार घरं तेवढी. पण नाना, म्हणजे माझे चुलत चुलते, आणि त्यांच्या घरचं कुणीही आमचा उंबरा चढत नाही. लग्नाला मांडवात येतात, अक्षता टाकतात आणि न जेवता जातात. लहानपणापासून मला याचा लय राग. मी मुळातच फटकळ.

कारण सगळ्या गावाला पाठ आहे. गोऱ्यांच्या राज्यात माझा आजा पलटणीत होता आणि त्याचा थोरला भाऊ, नानांचे वडील, मुंबईच्या गोदीत हमाल. आगबोटीच्या कंपनीनं कामाचे तास वाढवले, हमालांनी काम बंद केलं. भरलेल्या बोटी धक्क्याला अडकून पडल्या. भांडण कंपनीचं आणि हमालांचं. सरकारनं मधे पडायचं काय कारण? पण पडलं. शिपाई आणून पोती उतरवली. त्या शिपायांत आजा होता. फाटकाबाहेर उभ्या थोरल्यानं त्याला पाठीवर पोतं घेतलेलं बघितलं. संप मोडला, थोरल्याचं काम गेलं आणि तो कायमचा गावी आला.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या वडिलांनी, आबांनी, अंथरूण धरलं. तेही फौजेतलेच, नव्वदीला टेकलेले. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच काय ते कळलं. घरी आल्यावर आबा म्हणाले, "नाना एकदा घरात यावा. बाकी कायबी नको."

मी तडक नानांच्या दारात. "आवं नाना, किती पिढ्या हेच उगाळायचं? हुकूम होता आज्याला. नाही म्हणाला असता तर तुरुंगात घातला असता."

नाना शेंगा निवडत होते. "हुकूम व्हता हे माझ्या बाला ठावं न्हवतं व्हय? त्याचा राग पोत्याचा न्हवताच, पोरी. तुझा आजा रजेवर आला, महिनाभर गावात हिंडला. माझा बा रोज दार उघडं टाकून बसायचा. ह्यो आलाच न्हाई. आबाला म्हणावं, बापाचं चुकलं एवढं बोल. मी येतो."

ही गोष्ट आमच्या घरात कुणी सांगितलीच नव्हती.

आबांना सांगितलं तर ते भिंतीकडं वळले. "हुकमाला चूक म्हणू? मी?" दोन दिवस बोलले नाहीत, घासही घेतला नाही. मग माझा तोल गेला. "हुकमाचं कोण विचारतंय? महिनाभर भावाच्या दारात का गेला नाही, तेवढं सांगा. का तोही सरकारचाच हुकूम?" मरणाला टेकलेल्या बापाला असं बोलले, ते अजून जिवाला लागून आहे.

आबांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडं फिरवलं. मग म्हणाले, "बोलाव त्याला."

नाना आले, उंबऱ्याबाहेरच थांबले. आबांनी उठून बसायचा हट्ट धरला. मी पाठीला टेकू दिला.

"तुमच्या दारात आला न्हाई," आबा म्हणाले, "ते माझ्या बापाचं चुकलं."

नाना आत आले, कॉटवर बसले, आबांचा हात धरला आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "माझा बा बी नुस्ता दार उघडून बसला की रं," म्हणाले. "चार घरं तर व्हती. त्यालाबी चालत येता आलं असतं."