यान्बूची मगर आणि आमची गप्प बसण्याची सवय

त्या वर्षी सौदीतल्या यान्बूत निताकातची, म्हणजे कंपनीत ठराविक सौदी माणसं ठेवायच्या कायद्याची, धास्ती घराघरात होती. नवऱ्याच्या कंपनीत सौदी माणसं पुरेशी नव्हती, त्यामुळे परदेशी लोकांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडकले होते. जो तो साहेबापुढे जरा जास्तच वाकत होता. अशात नवऱ्याच्या मॅनेजरने, तेही भारतीयच, आम्हा चार कुटुंबांना शुक्रवारी आपल्या फार्महाऊसवर जेवायला बोलावलं.

तिथे हौदात एक अमेरिकन मगर पाळली होती. हिवाळ्यात ती ओंडक्यासारखी पडून असायची, म्हणून सगळ्यांना ती गरीब वाटायची. आता ऊन तापलं होतं. हौदाभोवतीच्या जाळीचं दार सताड उघडं, आणि मगर काठावर जबडा वासून पडलेली.

"देखो, हंस रही है!" मॅनेजर म्हणाले आणि मुलांच्या हातात चिकनचे तुकडे द्यायला लागले.

माझं माहेर वाशिष्ठीच्या काठचं. उन्हाळा लागला की नदीतल्या मगरींच्या भीतीने अम्मी आम्हाला पाण्याच्या कडेला बसूच द्यायची नाही. मी म्हटलं, "भाईसाब, बच्चों को अंदर मत भेजिए. थंडीतली सुस्ती आता नाही तिची. गर्मी में भूक लगती है उसको."

नवरा कानाशी पुटपुटला, "अगं, गप्प बस ना. आपला इकामा त्यांच्याच हातात आहे."

इतकी चीड आली मला! इकाम्यासाठी पोरं मगरीपुढे उभी करायची?

माझी मुलगी तुकडा घेऊन निघाली होती. मी तिला दंड धरून मागे ओढलं.

"मम्मी, यू आर सो एम्बॅरसिंग!"

"भाभी, सोई है वो," म्हणत दुसऱ्या मुलांचे वडील प्लेट घेऊन स्वतःच आत गेले. ते वाकले मात्र, मगर अशी झेपावली की प्लेट कुठे गेली कळलंच नाही. ते उताणे पडले. नवऱ्याने आणि मॅनेजरने त्यांना काखेत धरून बाहेर खेचलं, मी दार ढकलून कडी घातली. पॅंट फाटली, कोपर सोलला, जीव वाचला.

"कुछ नहीं हुआ. खलास," मॅनेजर म्हणाले. "बाहर बात न जाए." आणि सगळे मुकाट्याने जेवायला बसले! तो पडलेला माणूससुद्धा.

मी मुलीला घेऊन गाडीत जाऊन बसले. जाताना मॅनेजरना तोंडावर सांगितलं, "दाराला कुलूप लागेपर्यंत माझी मुलगी इथे पाऊल टाकणार नाही."

नंतर बाकीच्या घरांतल्या बायका म्हणाल्या, मी पार्टीचा विचका केला. पण पुढच्या आमंत्रणाला त्यांच्यापैकी एकीनेही मुलं नेली नाहीत, आणि मग कुठे कुलूप लागलं.

इकामा सगळ्यांचा झाला, माझ्या नवऱ्याचाही. "बघ, तू एवढं बोलूनही झाला, नशीब चांगलं," तो म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.