साठ पावलांचा उतार

आमच्या सालवडच्या खोलीत मोरीशेजारी एक पाटी टांगलेली होती. बायको शिक्षिका, तिनंच ती शाळेतून आणली होती. कडेची लाकडी चौकट एका बाजूनं सुटलेली, तिथं मी तार बांधली होती. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. ती मासवणच्या शाळेत. सव्वाआठला घर सोडायची, आधी गाडीनं पालघर आणि तिथून मनोरकडे जाणारी एसटी. साडेसहाला परत. माझी साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, तिची रविवारी. मी घरी असलो की झोपलेला, ती जागी असली की मी बॉयलरसमोर. म्हणून पाटी. ‘गॅसचा नंबर लावला.’ ‘पाणी उद्या साडेपाचला.’ ‘डाळ संपली.’ खाली उत्तर लिहायचं, दुसऱ्यानं वाचून पुसायचं. सालवडला पाळीवाल्यांच्या घरांत अशा पाट्या बऱ्याच होत्या. कुणी कॅलेंडरच्या मागं लिहायचं, एकानं तर दारावरच खडूनं लिहायला सुरुवात केली होती.

आम्हाला मूलबाळ नाही. हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगितली पाहिजे. जानेवारीत एका सकाळी तिसरी पाळी करून मी घरी आलो. ती शाळेत निघून गेली होती. पाटीवर तीन ओळी होत्या. पहिली, दूधवाला दोन दिवस येणार नाही. दुसरी, घरमालकांनी टाकी धुवायला सांगितली आहे. तिसरी, ‘सांगलीकडच्या एका बाईंना इकडं यायचंय, परस्पर बदलीचा अर्ज करू का?’ मी तिन्ही ओळींखाली ‘ठीक’ लिहिलं, सही केली आणि झोपलो. बॉयलरच्या वहीत मी तासागणिक दाब, पाण्याची पातळी, तापमान लिहायचो. पाळी देताना आणि घेताना एकेक आकडा वाचल्याशिवाय मी सही करत नसे. माझ्या हाताखालचे लोक त्यावरून मला हसत. घरच्या पाटीवर मात्र मी पहिली ओळ वाचली आणि शेवटच्या ओळीखाली सही केली.

संध्याकाळी मी उठलो तेव्हा तिनं पाटी पुसलेली होती. अर्ज केल्याचं मला मार्चमध्ये कळलं, तेही मंजुरीचं पत्र आलं तेव्हा. तिनं संमतीवर सही करून कागद जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा होता. तिची आई तिकडं सांगलीजवळच्या गावी एकटी होती, डावा पाय ओढत चालायची. बायको गेली तर परत येण्याचा प्रश्न नव्हता, अशा बदल्या दोनदा होत नाहीत. मी विचारलं, “मला न विचारताच?” ती म्हणाली, “विचारलं होतं. तुम्ही ठीक म्हणालात.” तेव्हा मला ती तिसरी ओळ आठवली. आठवली म्हणजे, ती तिथं होती एवढं आठवलं.

मे महिन्यात कारखान्याकडून चार वर्षांनी मिळणारी प्रवासाची सवलत होती. मी मनालीचं ठरवलं. मनातला हिशेब सरळ होता. दहा दिवस दोघं एकाच वेळी जागे राहू. दहा दिवसांत ती सही न करण्याचा विचार करील.

पण बोईसरहून गाडी सुटली आणि सुरत यायच्या आत आमचं बोलणं संपलं. कुणाचं भांडण नव्हतं. तिनं शाळेचं सांगितलं, मी कारखान्याचं सांगितलं. मग ती खिडकीबाहेर बघत बसली, मी स्टेशनं मोजत बसलो. दिल्लीपर्यंत मी तिच्यासाठी सहा वेळा चहा घेतला. तिनं सहाही वेळा प्याला.

मनालीत तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रोहतांगच्या रस्त्यानं बर्फ बघायला निघालो. घाट तेव्हा वरपर्यंत उघडलेला नव्हता. बर्फ रस्ता अडवतं तिथवर गाड्या जायच्या. वाटेत टपऱ्यांवर भाड्यानं लांब कोट आणि गमबूट मिळत. कोटांच्या पाठीवर रंगानं आकडे टाकलेले असत. मला ४१ मिळाला, तिला ११२. तिचा कोट गुडघ्याखाली आला होता. मी म्हटलं, “ओळखू नाही येणार तू गर्दीत.” ती म्हणाली, “नंबर पाठ करा. आकडे तुमच्या लक्षात राहतात.”

बर्फापाशी पोहोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बर्फ पांढरं नव्हतं, कडेनं मातकट होतं, वर गेलं की स्वच्छ. एक उतार मोकळा ठेवला होता आणि तिथं स्थानिक लोक स्की शिकवत होते. मी चढून पाहिला तेव्हा तो वरून खालपर्यंत साठ पावलांचा भरला. शिकवणारा पन्नाशीचा असेल, चेहरा उन्हानं काळवंडलेला, डोक्यावर त्यांच्याकडची गोल टोपी. त्यानं माझ्या पायांना लाकडी पट्ट्या बांधल्या, हातात दोन काठ्या दिल्या आणि म्हणाला, “बाबूजी, समझो कुर्सी पे बैठना है. लेकिन कुर्सी है नहीं.”

बायको चहाच्या टपरीपुढच्या फळीवर बसली. मी म्हटलं, “चल ना.” ती म्हणाली, “तुम्ही या करून.”

मी चाळीस ओलांडलेला माणूस, अंगात पाळीची झोप मुरलेली. पहिल्या वेळी चौथ्या पावलाच्या अंतरावर पडलो. दुसऱ्या वेळी पट्ट्यांची टोकं एकमेकांवर चढली. तो ओरडायचा, “घुटना, बाबूजी, घुटना! कारखाने में ऐसे ही खड़े रहते हो?” मी त्याला मगाशी कामाचं सांगितलं होतं, ते त्यानं पकडून ठेवलं होतं. मी सात वेळा पडलो. प्रत्येक वेळी उठून आधी टपरीकडं बघायचो. ती कधी माझ्याकडं बघत असे, कधी टपरीवाल्या बाईशी बोलत असे. मला एवढंच हवं होतं, की मी एकदा न पडता खाली यावं आणि ते तिनं पाहावं. आठव्या वेळी मी चाळीस पावलं उभा राहिलो. पडल्यावर मान वर केली तर ती पाठमोरी होती. ११२ स्पष्ट दिसत होतं.

मी तसाच लंगडत खाली गेलो. टपरीवाली तिला विचारत होती, “चीनी कितनी?” बायको म्हणाली, “मेरी बिना चीनी की.”

मी म्हटलं, “बिनसाखरेचा? कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“गाडीत सहा चहा प्यालीस की गोड.”

“तुम्ही आणलेत म्हणून.” तिनं ग्लास हातात घेतला. “पाटीवर लिहायचं राहिलं.”

ती हे चिडून बोलली नाही. चिडली असती तर मला काही उत्तर देता आलं असतं.

मग शिकवणाराच खाली आला आणि म्हणाला, “मैडम को भी लाओ. आपसे तो अच्छा ही करेंगी.” टपरीवाली हसली. बायको नको नको म्हणत उठली. तिनं साडी कोटाच्या आत खोचून घेतली, पायांना पट्ट्या बांधून घेतल्या. आम्ही तिघं वर चढलो. त्यानं तिला दोनदा हात धरून थोडं थोडं उतरवलं आणि पुन्हा वर आणलं. तिसऱ्यांदा निम्म्या उतारावर हात सोडला. ती घसरत गेली. सरळ, गुडघे वाकवून, काठ्या उगाच हवेत. आणि हसत होती, मोठ्यानं. ते हसणं मी ओळखत होतो. आमच्या लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी जनरल पाळीत होतो, रोज संध्याकाळी घरी, तेव्हाचं होतं ते.

ती खाली पोहोचली, थांबली नाही, सपाटीवर आणखी थोडी गेली आणि एका गाडीला हात टेकून उभी राहिली. टपरीवाली टाळ्या वाजवत होती. मी वरच होतो. आमच्यामध्ये साठ पावलं आणि ती सपाटी. मला एकट्याला खाली यायचं होतं. मी पट्ट्या सोडून हातात घेतल्या आणि बसून घसरत आलो. कोटाच्या मागच्या बाजूनं पाणी आत शिरलं.

दुपारी परतताना गाडीवाल्यानं आम्हाला वशिष्ठला सोडलं. तिथं गंधकाच्या गरम पाण्याची कुंडं आहेत, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, मध्ये दगडी भिंत. अंग चांगलंच दुखत होतं. मी पाण्यात गळ्यापर्यंत बसलो. हाताला पाणी पंचेचाळीस अंशांच्या आसपास वाटलं. कामाच्या सवयीनं मला तेवढं कळतं. आमच्या बाजूला मी आणि एक म्हातारे सरदारजी, ते डोळे मिटून बसलेले, मधूनच खोकत. भिंतीपलीकडं बायकांचे आवाज चालू होते आणि त्यात बायकोचा आवाज मला वेगळा ऐकू आला. तिच्याबरोबर कुणी नागपूरकडच्या बाई होत्या.

“बाप्पा! मासवण म्हणजे कुठं आलं हे?” त्या बाई विचारत होत्या.

बायकोनं सगळं सांगितलं. शाळा, वाट, नदी, डोंगरावरून येणारी पोरं, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी आणि वर्गातून गळणारी. मग म्हणाली, “सुट्टीत बर्फ बघायला जाणार म्हटलं तर एक पोरगी काय विचारते, बाई, तिथं बरफ फुकट हाय का? म्हटलं हो. तर म्हणे, मंग सगळा नाय आणला तरी चालंल, तुमी थोडाच आणा.” दोघी खूप हसल्या. या पोरीचं मी कधी ऐकलं नव्हतं. बायको पंचवीस मिनिटं बोलत होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून नेमकं सांगता येतं.

मग त्या बाईंनी विचारलं, “जूनपासून तुम्ही गावाकडं जाऊन राह्यले म्हणता, तर मिस्टर काय म्हणते?”

“त्यांना विचारलं होतं,” बायको म्हणाली. “मी तीन दिवस वाट बघितली, की नको म्हणतील. निदान का म्हणून तरी विचारतील. मग टाकला अर्ज.”

“अन् आता?”

“आता बघायचं.”

सरदारजींनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी तोंडावर पाणी मारलं.

वशिष्ठहून मनालीपर्यंत आम्ही चालत निघालो. उताराचा रस्ता, कडेला देवदार, खाली नदीचा आवाज. बरंच अंतर गेल्यावर मी म्हटलं, “भिंतीपलीकडचं ऐकू येत होतं.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं?”

“तुमच्या बाजूचं कुणाचं तरी खोकणं मला ऐकू येत होतं. मग माझं तुम्हाला येणारच.”

मी म्हटलं, “आता नको म्हटलं तर?”

ती थांबली. “म्हणून बघा.”

मला तेव्हा पटकन म्हणता आलं असतं. पण न वाचता सही करायची ती चूक मी एकदा केली होती. म्हणून मी चालता चालता मनात हिशेब केला. पहिल्या पाळीच्या आठवड्यात आम्ही दोघं एकत्र जागे असायचो रोज तीन तास. दुसऱ्या पाळीत पाऊण तास. तिसऱ्या पाळीत, संध्याकाळी मी पुन्हा दोन तास पडायचो ते वजा जाता, दीड तास. मी तिला म्हटलं, “सरासरी रोज पावणेदोन तास.”

“काय ते?”

मी समजावून सांगितलं.

“त्यात झोपेत हं हं करता ते धरलंय?”

“धरलंय.”

“मग ते काढा.”

दोघंही थोडं हसलो. मग ती म्हणाली, “तिकडंही कारखाने आहेत.”

“साखरेचे. हंगामापुरते.”

“अर्ज तरी करा.”

“करीन.” मी पुढं म्हणालो, “तू सही कर. तिथं आईला कोण आहे? आणि पावणेदोन तासांसाठी तुला थांबवणं मला बरोबर वाटत नाही.”

मी विजेचे खांब मोजत होतो. अकराव्या खांबापाशी ती म्हणाली, “हे जानेवारीत बोलला असतात तर मी कदाचित अर्जच केला नसता.” आणि पुढं चालू लागली. तिचं म्हणणं खरं होतं.

जूनमध्ये ती गेली. मासवणच्या शाळेत तिच्या जागी त्या सांगलीकडच्या बाई आल्या. मी सालवडलाच राहिलो. पहिला महिना पाटीवर काही लिहिलं नाही. कामावरून येऊन मोरीकडं जाताना नजर तिकडं जायची, एवढंच. पुढं मी ती काढून पलंगाखाली ठेवली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिका चौकोन राहिला, तो पुढच्या रंगाच्या वेळी गेला. शुक्रवार मोठा जायचा. मी पाळीच्या बसचा आवाज ऐकून वेळ सांगू शकायचो.

तिची पत्रं येऊ लागली. चार चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. तेवढं ती माझ्याशी सबंध वर्षात बोलली नसेल. पत्रात आईच्या पायाचं असे, नव्या शाळेचं, शेजारच्या म्हशीचंही. आणि मध्येमध्ये प्रश्न असत. मी उत्तर लिहायला बसलो की आधी पत्र दोनदा वाचायचो, प्रश्नांखाली रेघा मारायचो आणि उत्तरांना क्रमांक घालायचो. ती त्याला हसायची, ‘तुमचं पत्र म्हणजे वहीचं पान’ असं लिहायची, पण मी पद्धत बदलली नाही.

त्या पावसाळ्यातलं एक उत्तर मला पाठ आहे. एक, जेवण डब्याचं आणतो, भाजी बरी असते. दोन, तिकडच्या कारखान्याला अर्ज पाठवला, अजून उत्तर नाही. तीन, गुडघा आता दुखत नाही. चार, हो, मीही आता चहा बिनसाखरेचा घेतो, सवय होतेय. पाचवा प्रश्न होता, करमतं का? पाचाचा आकडा घालून मी बराच वेळ बसलो. त्यापुढं ‘ठीक’ लिहायला जागा होती. मग लिहिलं, नाही करमत. पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.