भिंतीकडे पाठ

माझ्या मावशीने एकोणीस वर्षं लोकांच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा भरली. त्या हवेवर लोक समुद्राखालची प्रवाळाची भिंत बघून यायचे आणि ओल्या केसांनी हिच्याचसमोर उभं राहून वर्णन करायचे. मावशीने स्वतः ती कधी पाहिली नव्हती. खाली जाताना नाक दाबून फुंकलं, की कानातला दाब सुटतो. शेंबडं पोरही हे करतं. मावशीचा सुटत नसे. पाच वेळा उतरली आणि पाचही वेळा तीन मीटरवरून डोकं धरून वर आली.

तशी ती कामाला वाघ. आमच्या डायव्हिंगच्या दुकानामागे पत्र्याची खोली, आत धडधडणारा कॉम्प्रेसर, शेजारी स्टुलावर मावशी. कॉम्प्रेसर उजवीकडे, त्यामुळे उजवा कान केव्हाच कामातून गेलेला. सगळा कारभार डाव्यावर. भरलेल्या प्रत्येक सिलिंडरच्या मानेशी ती डावा कान न्यायची, डोळे मिटायची. जरासं सूं ऐकू आलं, की सिलिंडर बाजूला. बाकीचे लोक सिलिंडर पाण्याच्या पिंपात बुडवून बुडबुडे बघतात. मावशीच्या मते ते नवशिक्यांचं काम.

सर्दी झालेल्या माणसाला ती बोटीवर चढूच देत नसे. नाकात थेंब घालून आलेल्याला तर हाकलूनच द्यायची. "खाली गेल्यावर थेंबांचा जोर उतरला, की हवा कानात अडकते. वर येताना पडदा फाटतो. जा, घरी वाफ घे." मालक कपाळाला हात लावायचा, ही ढिम्म.

पुढच्या महिन्यात तिला साठ वर्षं पूर्ण होणार होती, आणि मालकाने साफ सांगितलं होतं, साठीनंतर पाण्यात पाठवणार नाही. मी त्याच दुकानात गाईड. "तुझ्याबरोबर एकदाच," ती म्हणाली. "एकदा बघू दे ती भिंत. नाहीच जमलं, तर पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही." मी कसली नाही म्हणते!

ठरलेल्या सकाळी आम्ही तयार, पण बोटीवरचं पाहुणं जोडपं दीड तास उशिरा उगवलं. कॅमेऱ्याची बॅटरी सापडत नव्हती म्हणे. मावशी सारखी घड्याळ बघत होती, चिडून लाल झाली होती. मला वाटलं, उतावीळ झाली आहे.

ते जोडपं दुसऱ्या गाईडबरोबर उतरलं, मी मावशीबरोबर. तीन मीटरवर तिने नाक दाबलं, फुंकलं आणि अंगठा-तर्जनी जुळवून 'ठीक' म्हणाली. पाचवरही ठीक. सातवर भिंतीची कड आली आणि मला पाण्यातच नाचावंसं वाटलं. आम्ही कडेवरून खाली बारा मीटरपर्यंत गेलो. समोर जांभळे जाळीदार पंखे, नारिंगी प्रवाळ, कपारीकपारीतून डोकावणारे मासे, आणि खाली तळ दिसेना. मी हात पसरून दाखवलं, बघ, घे एकदाची बघून.

ती बघेचना! तिची नजर माझ्या डोक्यामागे. तिने बोट केलं, मी वळले. मागे काही नाही. पुन्हा बोट, पुन्हा मी वळले. कासव दिसलं असेल म्हणून मी गोल फिरले, तशी तीही माझ्या पाठीमागे गोल फिरली. आठ मिनिटं आमचा हा खेळ चालला होता. एकोणीस वर्षं जिच्यासाठी जीव टाकला, त्या भिंतीकडे या बाईने पाठ केली होती. मी पाण्याखाली दात-ओठ खाल्ले.

मग हवेचा काटा पाहिला आणि हादरले. हवा नको तितकी कमी झाली होती. वर निघालो, आणि सहा मीटरवर मावशीने डावा कान गच्च धरला. पुन्हा खाली गेलो, हळूहळू वर आलो, पण कान सुटेना. माझी हवा मात्र संपत चालली होती. शेवटी तिनेच मला वर ढकललं आणि मागोमाग आली.

बोटीत तिच्या कानातून रक्त आलं.

"थेंब घातलेस?" मी ओरडले. "तू? तू स्वतः?"

"कालपासून सर्दी होती. वेळेत निघालो असतो, तर पुरले असते." ती जोडप्याकडे बघतही नव्हती. "तुझ्या सिलिंडरच्या मानेतलं वायसर गेलंय. मागून बुडबुडे निघत होते. सकाळी कानाला दडा बसला होता गं. मला सूं ऐकू आलं नाही."

"अगं, मग भिंत?"

"भिंत कसली बघते मी! तुझी हवा चालली होती."

गाईड मी, आणि काटा बघायला मला आठ मिनिटं लागली. तिचा राग करू की माझा, कळेना. त्यात ते जोडपं तिच्याजवळ येऊन भिंत कशी अफाट आहे ते सांगू लागलं.

डॉक्टर म्हणाले, पडदा भरून येईल, ऐकू पूर्वीसारखं येणार नाही, आणि पाण्याखाली जाणं कायमचं बंद.

मालकाने खोलीत पिंप आणून ठेवलं. मावशी त्याला हात लावत नाही. काल तिने मला हाक मारली आणि सिलिंडर पुढे केला. "ऐक गं. सूं येतंय?"

मी मानेशी कान नेला. "नाही मावशी."

तिने सिलिंडर रांगेत लावला, दुसरा उचलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भिंत कुठल्या रंगाची होती?"

"जांभळी."

"मोठ्याने सांग ना."

कॉम्प्रेसर धडधडत होता. मी तो बंद केला आणि ओरडून सांगितलं.