सोळा भाज्यांचा डबा

माझी मैत्रीण सेलूजवळच्या वाडीत भाजी पिकवते आणि बाजारात स्वतःच विकायला बसते. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. तिच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, थोरली आणि धाकटी. जेवणाच्या दिवशी दोघींच्या नावानं दोन सवाष्णी पाटावर बसवतात. मी पंधरा-सोळा वर्षं धाकटी होते.

त्या घरचे दोन नियम फार कडक. नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाक कोणी चाखायचा नाही, वासही घ्यायचा नाही. आणि नैवेद्य झाला की त्यातला कणही उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. ज्याला प्रसाद हवा त्यानं घरी येऊन जेवायचं. त्यामुळे सोळा भाज्यांच्या त्या एकत्र भाजीत मीठ कसं पडलंय, हे सगळ्यात आधी कळायचं ते आम्हा सवाष्णींना. देवीनं तक्रार करायची नसते, म्हणून मी खूण ठरवली होती. मीठ कमी असलं की डावी भुवई वर. वाढता वाढता मैत्रीण माझ्या भुवईकडे बघायची आणि पुढच्या पंगतीच्या आधी पातेल्यात मीठ टाकून यायची.

माझी श्रद्धा गेली ती काही दणका बसून नाही. लोक विचारतात, कोण गेलं, काय झालं? काही झालं नाही. एका सकाळी देवासमोर हात जोडले होते आणि मनात कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. दुसऱ्या दिवशी हात जोडले नाहीत. महिना गेला, काही अडलं नाही. तेव्हा कळलं की ती कधीच निघून गेली होती, मीच दार धरून उभी होते.

मैत्रिणीला सांगितलं ते महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी, तिच्या ओसरीवर गवार मोडताना. माझी जीभ म्हणजे उचलली की टाळ्याला लागलीच.

"यंदा मले पाटावर नको बसवू. माहा आता विश्वास नाई."

तिला आधी थट्टाच वाटली. "काऊन बाप्पा? कोण्या साधूनं शिकवलं का?"

"कोणी नाई शिकवलं. आपोआप गेला."

"कधीपासून?"

इथं मी थोडं खोटं बोलायला हवं होतं. पण नाही. "मागच्या वर्षीबी नव्हता," मी म्हटलं.

तिच्या हातातली गवार तशीच राहिली. ती म्हणाली, "मंग मागच्या वर्षी माही देवी जेवली का नाई?"

माझ्या लेखी मी एक साधी खरी गोष्ट सांगितली होती. तिच्या लेखी मी तिच्या घरची देवी वर्षभर उपाशी ठेवली होती. मी उठून घरी आले आणि रडले, रागानं आणि लाजेनं.

त्या वर्षी पाटावर तिची जाऊ बसली. मला निरोप आला, "पंगतीत जेवाले येजो." मी गेले नाही. भाजी खायला देवी कशाला मध्ये, असं काहीतरी मनाशी पुटपुटत घरी वरण-भात लावला. पुढच्या वर्षीही तेच. एरवी आमचं बोलणं बंद नव्हतं. बाजारात तिच्या पोत्याच्या कोपऱ्यावर बसून आम्ही भांडायचो.

"बियाणं जमिनीत टाकतो तं ते उगवंल, हा विश्वासच नाई का?" ती म्हणायची.

"नाई उगवलं तं तू दुकानदारासंग भांडाले जातं. देवासंग भांडतं का?"

"रोज भांडतो! तुले काय मालूम?"

गिऱ्हाईक हसायचं, आम्हीही हसायचो. पण महालक्ष्म्यांचा विषय दोघी टाळायचो. ती जागा ठणकत होती.

यंदा मी न्हाणीत घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. जेवणाच्या दिवशी दुपारी मी पलंगावर पडून होते. घरचे कामावर गेलेले, दार नुसतं लोटलेलं. तेवढ्यात ती आली. नऊवारी, कपाळभर कुंकू, हाताला पुरण लागलेलं, आणि हातात डबा.

मीच घाबरले. "अवं, प्रसाद घराबाहेर काढला?"

"प्रसाद नाई हे. नैवेद्य अजून व्हायचाच हाय."

"म्हणजे?"

"एकदा दाखवला का बाहेर नेता येत नाई. म्हणून तुहा हिस्सा आधीच काढला."

"देवीच्या आधी?"

"तिले सांगूनच काढला. म्हटलं, माय, जरा थांब. तिचा पाय मोडला हाय." मग माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण काढत म्हणाली, "लय दिवस विचार केला मी. त्या वर्षी तुले विश्वास नसंल. पण भूक तं खरीच होती ना? मंग जेवली असंल देवी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा पुरणाचा हात धरला. तिकडे तिच्या घरात माणसं खोळंबली होती, पानं मांडली होती, नैवेद्य थांबला होता.

"खा ना आता," ती म्हणाली. मी एक घास घेतला. आणि सवयीनं माझी डावी भुवई वर गेली.

ती बघतच राहिली. "कमी हाय?"

"कमी नाई. घातलंच नाई."

"अवं माय!" तिनं कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसली की पलंगाच्या कडेला टेकली. "पाहा! तिनंच धाडलं मले तुह्याकडे. अळणी जेवणार होती ना बिचारी."

याला माझ्याजवळ उत्तर होतं. साधं, बिनतोड उत्तर. मी ते दिलं नाही. "जाय लवकर, मीठ टाक," एवढंच म्हटलं. ती नऊवारी सावरत धावत गेली.

डबा माझ्या मांडीवर होता, भाजी गरम होती आणि मला सपाटून भूक लागली होती. तरी दुसरा घास घेववेना. देवीसाठी नाही. जिनं माझ्यासाठी आपल्या देवीला थांबवलं, तिच्यासाठी. मी झाकण लावून बसून राहिले. दोन गल्ल्यांपलीकडून आरतीची घंटा ऐकू आली, ती थांबेपर्यंत ऐकली, आणि मग ती अळणी भाजी सगळी खाल्ली.