खळ्यावरचं पायताण

निघालो त्या दिवशी एसटी फाट्यावर उभी होती आणि मी खळ्याच्या कडेला बसून नव्या बुटांच्या नाड्यांशी झटत होतो. सास्तूरजवळच्या आमच्या वस्तीवरून रस्त्याला जायचं तर खळं ओलांडावं लागतं, आणि ज्वारीची रास पडते तिथं पायताण न्यायचं नाही, हा माझ्या वडिलांचा, बापूंचा, नियम. ड्रायव्हर हॉर्न बडवत होता. गाठ सुटेना. बापू माझी बॅग डोक्यावर घेऊन शांत उभे. "एष्टी दुसरी यील. आदी पायातलं काढ." शेवटी बूट हातात, मोज्यांना शेणमाती, अशा थाटात हा गडी विलायतेला निघाला.

इथं मी एका जुन्या जहागिरीवर गवत सांभाळतो. हवेलीचं क्लबहाऊस झालंय, शिकारीच्या रानाचं गोल्फ कोर्स. थोराड ओक, तळं, हरणं, आणि संपतच नाही असा बारीक पाऊस. गावाकडं जन्मभर खुरपून टाकलं ते इथं खत घालून वाढवायचं, वाढलं की कापायचं. खात कुणीच नाही. बापूंना हे सांगितलं तर म्हणाले, "तण वाढवायला इतक्या लांब गेलास व्हय रं?"

पहिल्याच सकाळी साहेबानं मला 'ग्रीन'वर, म्हणजे चेंडू भोकात ढकलतात तिथं, नेलं. सारवल्यासारखी गुळगुळीत जागा, त्यात काठी उभी, खळ्यात बैल फिरवायला मेढ रोवतात तशी. माझे हात आपोआप नाड्यांकडं गेले. बूट काढून मी दवात मोज्यांवर उभा. खेळणारी मंडळी थबकली. एका म्हाताऱ्यानं तर टोपीच काढली. कुणी गेलंय असं वाटलं असावं बिचाऱ्याला. तेव्हापासून इथं माझं नाव 'सॉक्स'.

फोनवर हे सांगितलं तेव्हा बापू हसले नाहीत. "बरं केलंस," म्हणाले.

मळणीयंत्र आल्यावर गावात सगळ्यांनी खळी मोडली. बापू मात्र दर सुगीला आमचं सारवत राहिले. "तू आल्यावर लागंल की." मीही दर वर्षी "पुढच्या सुगीला येतो" म्हणायचो. मग लेक इथल्या शाळेत रुळली, आणि यंदा ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नाही. बापूंनीही विचारलं नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "बग, तुज्या धंद्याचं गवत माजलंय हितं," आणि मोबाईल जमिनीकडं वळवला. यंदा न सारवलेल्या खळ्यावर हरळी पसरलेली. मी शहाणा, लगेच सुरू: मॉवरचं पातं किती खाली धरायचं, पाणी कधी तोडायचं. बापू "व्हय, व्हय" करत चालत होते. पडद्यावर त्यांचे पाय दिसले. खळ्याच्या मधोमध, चपला घातलेले.



"आवाज यीना का रं?"

"येतोय, बापू."

गावातल्या मंडळींनो, त्यांना यावरून काही बोलू नका. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला काय सांगायचं? "आदी पायातलं काढ" म्हणणारं कुणीतरी वाटेत उभं असतं, तेवढंच माझं घर होतं.

काल सकाळी ग्रीनपाशी आलो. रोजच्या सवयीनं नाडी सोडायला वाकलो. मग तसाच उठलो, आणि बूट घालून आत गेलो.